उमरेडचा कागद शोधायचा कुठे?

उमरेड म्हटले की आज बहुतेकांना दोन गोष्टी आठवतात : कऱ्हांडल्याच्या जंगलातून २०१६ साली नाहीसा झालेला ‘जय’ नावाचा वाघ आणि गावाशेजारची कोळशाची खाण. गावाच्या इतिहासाविषयी विचारले, तर इंग्रजी गॅझेटियरमधली एक नोंद पुढे केली जाते. नागपूरच्या आग्नेयेस, सतराव्या शतकाच्या अखेरीस मुनाजी पंडित नावाच्या गृहस्थाने हे गाव वसवले असे मानले जाते आणि तिथले देशपांडे घराणे त्याच्याच वंशातले, एवढीच ती नोंद. मोबाईलवर फिरणाऱ्या बहुतेक मजकुराचा उगम तिथेच आहे.

त्या नोंदीतले ‘मानले जाते’ हे शब्द वाचक सहसा ओलांडून जातात. संशोधन मात्र तिथूनच सुरू व्हायला हवे. कोण मानत होते? कशाच्या आधारे? गॅझेटियर लिहिणाऱ्याने एखादी सनद पाहिली होती, की तहसिलीत ऐकलेली हकीकत टिपून घेतली होती? हा थ्रेड त्या प्रश्नाचे उत्तर देणार नाही. उत्तर शोधायला निघालेल्या माणसाने कोणकोणती दारे ठोठवायची आणि कोणत्या क्रमाने, एवढेच यात सांगायचे आहे. उदाहरण उमरेडचे असले तरी काटोल, रामटेक, चिमूर, पवनी यांपैकी कोणत्याही गावासाठी वाट फारशी वेगळी नाही.

लहान गावांच्या बाबतीत नेहमी घडते ते असे. एम. ए.चा विद्यार्थी आपल्या गावावर प्रबंध लिहायचे ठरवतो. ग्रंथालयात गावाच्या नावाचे पुस्तक मिळत नाही. अभिलेखागाराच्या संकेतस्थळावर नाव टाकले की दोनचार असंबद्ध नोंदी येतात. पंधरा दिवसांत विषय बदलतो आणि ‘शिवकालीन प्रशासन’ या सुरक्षित विषयावर आणखी एक प्रबंध तयार होतो. वस्तुतः कागद असतो. पण तो गावाच्या नावाने कुणी लावून ठेवलेला नसतो. कागद ज्या कचेरीत जन्मला किंवा ज्या कचेरीत जाऊन पोचला, त्या कचेरीच्या नावाने तो जपला जातो. उमरेड हे दप्तराचे नाव कधीच नव्हते. देवगड, नागपूर, पुणे, कलकत्ता ही होती.

पहिली अडचण खुद्द नावाची. इंग्रजी कागदांत ‘उमरेड’ क्वचितच सापडेल, तिथे गाव ‘उमरेर’ झालेले आहे. शेवटच्या ‘ड’चा ‘र’ होणे हा या भागातल्या इंग्रजी लेखनाचा जुना खोडसाळपणा आहे. वऱ्हाडचे बेरार झाले, नागभीडचे नागभीर झाले, तसेच हे. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धातले इंग्रज लेखक उकारासाठी पुष्कळदा दोन ‘ओ’ लिहीत, तेव्हा शोधताना तेही रूप घालून पाहावे लागते. मात्र तसे केले की एक वेगळाच पूर येतो. दोन ‘ओ’ असलेल्या ‘ऊमरा’ या नावाने लिव्हरपूलच्या बाजारात वऱ्हाडचा कापूस विकला जाई. ते नाव अमरावतीच्या तत्कालीन इंग्रजी रूपावरून पडले होते. उमरेडच्या विणकरांचा शोध घेणारा विद्यार्थी अशा वेळी कापसाच्या गासड्यांच्या भावात अडकतो. यवतमाळकडचे उमरखेडही मध्ये येते. म्हणून कुठलीही नोंद हाती आली की आधी जिल्हा आणि परगणा तपासायचा, मग मजकूर.

हद्दीही बदलल्या आहेत. ब्रिटिश काळात नागपूर जिल्ह्यात मोजक्याच तहसिली होत्या आणि त्यांत उमरेडची तहसील चांगली ऐसपैस होती. कुही आणि भिवापूर हे आजचे स्वतंत्र तालुके त्या काळी तिच्यातच मोडत. मांढळच्या किंवा भिवापूरच्या जुन्या महसुली नोंदी हव्या असतील तर ‘उमरेर तहसील’ असेच म्हणावे लागते. उलट, १९०१ च्या जनगणनेतली तहसिलीची लोकसंख्या आजच्या तालुक्याच्या आकड्याशेजारी ठेवणे ही ढोबळ चूक आहे आणि ती छापील लेखांतही आढळते.

आता राजवटींकडे वळू, कारण राजवट बदलली की भाषा, लिपी आणि कागद पोचण्याचे ठिकाण या तिन्ही गोष्टी बदलतात.

गाव वसल्याचा जो काळ सांगितला जातो, तो देवगडच्या गोंड राजांचा. औरंगजेबाच्या काळात इस्लाम स्वीकारलेला बख्त बुलंद हा त्यांतला सर्वांत प्रसिद्ध. नागपूर शहराच्या स्थापनेचे श्रेयही त्यालाच दिले जाते. मोगली वळणाच्या या दरबाराच्या सनदा फारसीत असणार, हे गृहीत धरूनच शोध घ्यावा लागतो. इथे मराठी अभ्यासकांची एक सवय आड येते. विदर्भाच्या इतिहासासाठी मोडी शिकलेच पाहिजे हे सगळे सांगतात, पण फारसीचा उल्लेख क्वचितच होतो. मुनाजी पंडिताला जमीन किंवा वतन मिळाले असेल तर त्याचा मूळ कागद मोडीत असण्याची शक्यता कमी आहे. घरातल्या पेटीत उर्दूसारखे दिसणारे, मोठ्या शिक्क्याचे चुरगळलेले पान ‘हे आपले नसावे’ म्हणून बाजूला टाकले जाते आणि नेमके तेच पान हवे असते.

१७४० च्या आसपास सत्ता रघूजी भोसल्यांकडे आली आणि कारभार मराठीत, मोडी लिपीत होऊ लागला. १८५३ मध्ये तिसरे रघूजी निपुत्रिक वारले, तोवर ही राजवट टिकली. शंभरांहून अधिक वर्षांचा हा काळ. तेव्हा उमरेडच्या अभ्यासकाने सर्वप्रथम नागपूरच्या भोसल्यांचे दप्तर गाठावे, असे वाटणे साहजिक आहे. पण नागपूरच्या महालातला भोसल्यांचा जुना राजवाडा १८६४ मध्ये आगीत भस्मसात झाला. राज्य खालसा होऊन दशक लोटले होते. त्याआधीच्या लिलावांत आणि हस्तांतरांत घराण्याचे बरेच काही पांगले होते. राजधानीच्या ठिकाणी एकसंध दप्तर मिळेल ही अपेक्षा सोडून द्यावी लागते.

अशा वेळी दप्तरशोधाचा एक साधा नियम कामी येतो : पत्र लिहिणाऱ्याच्या घरी सापडत नाही, ज्याला पोचले त्याच्या घरी सापडते. नागपूरकरांनी पुण्याला लिहिलेली पत्रे पुण्यात आहेत. नागपूर दरबारात राहणाऱ्या पेशव्यांच्या वकिलांनी तिथली बित्तंबातमी धन्याला कळवली, तीही पुण्याच्या बाजूलाच आहे. नागपूरचा राजवाडा जळाला तरी नागपूरची बातमी वाचली, ती अशी.

या पत्रांचा प्रवास मुद्दाम सांगण्याजोगा आहे. नाना फडणीसांचे खासगी दप्तर वाईजवळच्या मेणवलीच्या वाड्यात होते. ते द. ब. पारसनीसांच्या खटपटीने साताऱ्याच्या ऐतिहासिक संग्रहात आले. १९३९ मध्ये तो संग्रह पुण्याच्या डेक्कन कॉलेजात हलवला गेला. तिथे त्र्यं. शं. शेजवलकरांनी मेणवली दप्तरातली नागपूरविषयक मराठी पत्रे निवडून दोन खंडांत छापली; पहिला खंड १९५४ चा, दुसरा १९५९ चा. पुस्तकाचे नाव इंग्रजी, ‘नागपूर अफेअर्स’. आतली पत्रे मात्र मराठी. या नावामुळे मराठी वाचक त्याच्याकडे वळत नाही आणि इंग्रजी वाचकाला आतले वाचता येत नाही. विदर्भाच्या अठराव्या शतकावर लिहिणाऱ्या माणसाच्या टेबलावर हे दोन खंड नसतील, तर त्याने लिहायला बसू नये.

शोध घ्यायचा तो घटनेच्या अंगाने. १७६९ मध्ये थोरले माधवराव जानोजी भोसल्यांवर चालून आले. नागपूर लुटले गेले आणि पेशव्यांच्या फौजा चांद्यापर्यंत पोचल्या. नागपूरहून चांद्याच्या दिशेने निघाले की उमरेड, भिवापूर, नागभीड हा पट्टा लागतो. त्या मोहिमेच्या डाकेत मुक्कामांची नावे, दाणावैरणीची तजवीज, लुटीच्या तक्रारी यांवर नजर ठेवून पाने चाळायची. सूचीत ‘उमरेड’ नसले तरी मजकुरात परगण्याचे नाव आडवे येऊ शकते. सूची करणारा मोठ्या माणसांची नावे आधी टिपतो, गावे नंतर, आणि लहान गावे कधीकधी टिपतच नाही. सूचीवर विसंबून ‘या खंडात आमच्या गावाचे काही नाही’ असा निष्कर्ष काढणे म्हणजे अनुक्रमणिका वाचून कादंबरीवर मत देण्यासारखे आहे.

पुण्याचे पेशवे दप्तर हा दुसरा मोठा साठा. गोविंद सखाराम सरदेसायांच्या संपादनाखाली १९३० ते १९३४ या काळात त्यातले निवडक कागद ४५ खंडांत छापले गेले. शब्द ‘निवडक’ आहे, हे विसरू नये. हजारो रुमालांतून राजकारणाचे, लढायांचे आणि मोठ्या घराण्यांचे कागद निवडले गेले. हिशेब, जमाबंदी, फुटकळ तक्रारी बहुतांशी रुमालातच राहिल्या. सामाजिक इतिहास लिहिणाऱ्याला हवे असते ते नेमके या राहिलेल्या भागात.

मोडी वाचता येऊ लागले की आणखी एक भिंत उभी राहते, तारखांची. जुन्या पत्रात ‘सन इहिदे सितैन मया व अलफ’ असे लिहिलेले असते. हे अरबी संख्यावाचक शब्द आहेत : एक, साठ, शंभर, हजार, म्हणजे शुहूर सन ११६१. त्यात ५९९ किंवा ६०० मिळवले की इसवी सन येतो, १७६०–६१, पानिपताचे वर्ष. दोन आकडे यासाठी की हे वर्ष जानेवारीत सुरू होत नाही. सूर्य मृग नक्षत्रात शिरला की सुरू होते, म्हणूनच त्याला मृगसाल म्हणतात. फसली सन त्याच हंगामी चालीचा, पण त्याची बेरीज वेगळी, आणि उत्तरेकडचा फसली व दक्षिणेकडचा फसली यांतही सुमारे दोन वर्षांचा फरक. नागपूर हे दोन्ही प्रदेशांच्या सांध्यावर वसलेले. इथल्या कागदावर नुसता फसली सन दिसला की तिथी, वार किंवा मजकुरातली एखादी ज्ञात घटना यांच्याशी ताडून पाहिल्याखेरीज इसवी सन लिहू नये. पत्रातल्या ‘छ’ या अक्षराने नवशिके हमखास गोंधळतात. ते चंद्राचे लघुरूप आहे. त्यापुढे मुसलमानी महिन्याची तारीख येते.

नागपूरकडे परत येऊ. १८१७ च्या सीताबर्डीच्या लढाईनंतर रेसिडेंट रिचर्ड जेंकिन्सच्या हाती राज्याचा प्रत्यक्ष कारभार आला. त्याने नागपूरच्या प्रदेशावर लिहिलेला अहवाल १८२७ मध्ये कलकत्त्याला छापला गेला. जमीन, पिके, कर, जाती, उद्योग, न्याय अशा सर्व अंगांनी भरलेला हा ग्रंथ आजही प्रत्येक अभ्यासकाचा पहिला आधार असतो. याच काळात, जेंकिन्सच्या सांगण्यावरून, काशीराव राजेश्वर गुप्ते यांनी भोसल्यांची बखर लिहिली, पुढे या. मा. काळे यांनी ती संपादित केली. इथे सावध राहायला हवे. बखर मराठीत आहे, लेखक दरबाराशी परिचित आहे, म्हणून तिला ‘आतला आवाज’ मानण्याचा मोह होतो. परंतु ती रेसिडेंटच्या मागणीवरून लिहिली गेली. काय सांगायचे आणि काय गाळायचे हे ठरवताना लेखकासमोर कोण बसले होते, हे वाचकाने लक्षात ठेवलेले बरे. जेंकिन्सचा अहवाल आणि ही बखर एकमेकांना दुजोरा देतात असे जेव्हा कुणी लिहितो, तेव्हा तो एकाच विहिरीचे पाणी दोन घागरींत भरून दोन विहिरी मोजत असतो.

रेसिडेन्सीच्या पत्रव्यवहाराचे पाच खंड डॉ. एच. एन. सिन्हा यांच्या संपादनाखाली १९५० च्या दशकात नागपुरात छापले गेले. १८५३–५४ च्या खालसा प्रकरणाचा पत्रव्यवहार दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागारात परराष्ट्र खात्याच्या कागदांत आहे. हे अभिलेखागार १८९१ मध्ये कलकत्त्यात सुरू झाले आणि नंतर दिल्लीला गेले. २०१५ पासून ‘अभिलेख पटल’ या संकेतस्थळावर त्याच्या सूचीत घरबसल्या शोध घेता येतो. लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत इंडिया ऑफिसचा साठा आहे. तिथपर्यंत पोचणे सर्वांना शक्य नसते. मात्र एकाच पत्राची एक प्रत नागपूरला, एक कलकत्त्याला आणि एक लंडनला अशी त्या काळची रीत होती, त्यामुळे लंडनचा कागद पुष्कळदा दिल्लीत भेटतो.

१८६१ मध्ये मध्य प्रांत तयार झाला. इथून पुढे उमरेडवरचा कागद एकदम वाढतो, कारण नव्या सरकारला प्रत्येक शेताचा धनी ठरवायचा होता. १८६० च्या दशकात पहिली मोठी जमीन बंदोबस्त मोहीम झाली. जुन्या पाटलांना आणि वहिवाटदारांना मालगुजार म्हणून मालकीहक्क मिळाले. हा बदल किती खोल होता, हे विदर्भातल्या कुठल्याही जुन्या घरात ‘मालगुजार’ या शब्दाचा उच्चार ऐकला की कळते. मालकी सिद्ध करायची तर दावेदाराने आपले जुने कागद बंदोबस्त अधिकाऱ्यापुढे मांडायचे, साक्षी द्यायच्या. उमरेडच्या देशपांड्यांची पूर्वपीठिका सरकारी लेखणीत उतरण्याची सर्वांत संभाव्य जागा हीच. गॅझेटियरातल्या ‘मानले जाते’चा माग काढायचा असेल तर छापील नोंदीवरून मागे, बंदोबस्ताच्या मिसलींपर्यंत जावे लागेल. चार्ल्स ग्रँटचे १८७० चे गॅझेटियर, १८९९ चा क्रॅडॉकचा बंदोबस्त अहवाल आणि १९०८ चे रसेलचे जिल्हा गॅझेटियर या क्रमाने तीच कथा कशी वाढली किंवा आक्रसली, हे शेजारी शेजारी ठेवून पाहणे हा एका आठवड्याचा उद्योग आहे आणि त्यातून निघणारे टिपण प्रबंधाचे पहिले प्रकरण होऊ शकते.

बंदोबस्ताच्या कागदांतला सर्वांत सुरस भाग म्हणजे ‘वाजिब-उल-अर्ज’. गावाच्या चालीरीतींची ही नोंद : तळ्याचे पाणी कुणाला आधी, जंगलातून सरपण कुणी किती न्यायचे, गुरे कुठे चारायची, बाजाराचा कर कुणाचा, कोतवालाला काय द्यायचे. राजे आणि लढाया यांच्या पलीकडचा इतिहास हवा म्हणणाऱ्यांनी आधी आपल्या गावाचा हा कागद वाचावा. १९५० च्या कायद्याने मालगुजारी संपली; त्या वेळच्या निस्तार पत्रकात यातल्या पुष्कळशा वहिवाटी पुन्हा लिहिल्या गेल्या, त्यामुळे दोहोंची तुलना करता येते.

विदर्भातल्या सामान्य माणसाला एक अभिलेख मात्र कुठल्याही प्राध्यापकापेक्षा अधिक ठाऊक असतो, तो म्हणजे कोतवाल बुक. गावातल्या जन्ममृत्यूची ही नोंदवही. जातपडताळणीसाठी आजोबा-पणजोबांची नोंद काढायला लोक तहसिलीत खेटे घालतात, ती याचीच. २०२३ मध्ये कुणबी नोंदी शोधण्यासाठी निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली गेली आणि राज्यभर मोडी वाचणाऱ्यांची शोधाशोध सुरू झाली. जे दप्तर वर्षानुवर्षे कुणी उघडले नव्हते, ते एकाएकी सर्वांना हवेसे झाले.

उमरेड हे हातमागाचे जुने केंद्र. रेशीमकाठी धोतरांसाठी त्याचे नाव होते. १८७७ मध्ये नागपुरात टाटांची एम्प्रेस मिल सुरू झाली आणि आसपासच्या विणकरांच्या जगण्याची चौकट बदलली. या विणकरांच्या जातिनोंदींचा अर्थ लावताना अभ्यासकाने फार जपून पाऊल टाकले पाहिजे. ‘हलबा’ आणि ‘कोष्टी’ या शब्दांवरून उभा राहिलेला वाद २००० साली सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. ‘हलबा-कोष्टी’ हे अनुसूचित जमातीतल्या ‘हलबा’मध्ये मोडत नाहीत, असा निकाल लागला. जुन्या वहीतला एक शब्द हजारो कुटुंबांच्या नोकऱ्यांवर आणि शिक्षणावर परिणाम करतो. प्रबंधात अशी नोंद उद्धृत करताना ती कुणी, कोणत्या वर्षी, कुणाला विचारून लिहिली, हे सांगितल्याखेरीज पुढे जाणे बेजबाबदारपणाचे ठरेल.

हे सगळे कागद आज कुठे आहेत? महाराष्ट्राच्या पुराभिलेख संचालनालयाची मुंबई, पुणे, कोल्हापूर, छत्रपती संभाजीनगर आणि नागपूर येथे अभिलेखागारे आहेत. मध्य प्रांत-वऱ्हाडच्या कागदांसाठी नागपूरचे महत्त्वाचे. पण १९५६ मध्ये विदर्भ मुंबई राज्यात आला, जुन्या मध्य प्रदेशची राजधानी नागपूरहून भोपाळला गेली आणि कागदांचीही वाटणी झाली. नागपुरात तुटलेली फाईल भोपाळच्या सूचीत पाहावी, हा त्यातून निघणारा धडा. १९३४ मध्ये स्थापन झालेले विदर्भ संशोधन मंडळ नागपुरातच आहे आणि त्याच्या जुन्या वार्षिकांत छापलेले सुटे कागद मोठ्या ग्रंथांत सापडत नाहीत.

अभिलेखागारात जाताना विभागप्रमुखांचे पत्र आणि ओळखपत्र बरोबर न्यावे, विषय एका वाक्यात सांगता यावा, आणि शाईचे पेन घरी ठेवून पेन्सिल न्यावी. ‘उमरेडविषयी जे असेल ते द्या’ या मागणीला कर्मचारी काहीही देऊ शकत नाही. ‘महसूल खाते, १८६० ते १८७०, उमरेर तहसील, मालगुजारी दावे’ असे म्हटले की सूचीचा नेमका खंड टेबलावर येतो.

पोथ्यांचा शोध वेगळ्या वाटेने घ्यावा लागतो. १८७४ मध्ये फ्रान्झ कीलहॉर्न यांच्या संपादनाखाली मध्य प्रांतातल्या संस्कृत हस्तलिखितांची यादी नागपुरात छापली गेली. १९२६ मध्ये रायबहादूर हिरालाल यांची मध्य प्रांत-वऱ्हाडच्या संस्कृत-प्राकृत हस्तलिखितांची मोठी सूची प्रसिद्ध झाली. घरोघरच्या आणि मठमंदिरांतल्या पोथ्यांची ही मोजदाद आहे. दीडशे आणि शंभर वर्षांपूर्वी कोणत्या गावात कुणाकडे ग्रंथ होते, याचा जणू नकाशाच. केवळ सूचीमुळे काय घडू शकते याचे विदर्भातलेच उदाहरण आहे. हिरालालांच्या सूचीने कारंजा लाडच्या जैन भांडारांतल्या अपभ्रंश पोथ्या प्रकाशात आणल्या आणि पुढच्या दशकात अमरावतीचे प्राध्यापक हिरालाल जैन यांच्या पुढाकाराने त्यांतले एकेक काव्य छापून आले. (हे दोन हिरालाल निराळे; त्यांना एक समजण्याची चूक फार जुनी आहे.) महानुभाव पोथ्यांसाठी सकळ लिपी आणि त्या पंथाच्या इतर सांकेतिक लिप्या शिकाव्या लागतात. लीळाचरित्राचे संपादन ह. ना. नेने यांनी नागपुरातच १९३० च्या दशकात केले, तेव्हा ही परंपरा उमरेडपासून फार दूर नाही.

छापील संग्रहालाही त्याची तारीख असते. वा. वि. मिराशींचा वाकाटक लेखांचा संग्रह १९६३ चा. पूर्वीच्या उमरेड तहसिलीतल्या मांढळचे वाकाटक ताम्रपट त्यानंतर मिळाले, म्हणून मिराशींच्या पुस्तकात ते शोधणाऱ्याला काही मिळत नाही. ग्रंथ उघडला की आधी प्रकाशनवर्ष पाहायचे आणि त्यानंतर काय सापडले ते नियतकालिकांत शोधायचे.

शेवटचे दार गावातलेच. जुन्या वाड्यांच्या माळ्यावर, देवघरामागच्या कोनाड्यात, लाल कापडात बांधलेले गठ्ठे असतात. वाडा पाडून इमारत उभी राहताना हे गठ्ठे रद्दीच्या वजनाने जातात, आणि ते जायला एक दुपार पुरते. अशा घरात गेल्यावर पहिल्या भेटीत कागद मागू नये. पूर्वीच्या पिढ्यांना दप्तर दाखवणे म्हणजे जमीन धोक्यात घालणे वाटे आणि ती भीती अजून पूर्ण गेलेली नाही. गठ्ठा उघडला तर आधी आहे त्या क्रमाने फोटो घ्यावेत. ‘महत्त्वाचे’ कागद वेगळे काढू नयेत, कारण कोणता कागद कोणत्या कागदाला लागून होता हीसुद्धा माहितीच असते. लॅमिनेशन करू नये, चिकटपट्टी लावू नये, घड्या जबरदस्तीने उलगडू नयेत. जुन्या लोकांची वेखंडाची पुरचुंडी आणि स्वच्छ सुती कापड अजूनही पुरेसे चांगले आहे. मूळ कागद घरच्यांकडेच राहू द्यावेत, फोटोंची प्रत त्यांना द्यावी, आणि नाव छापायचे तर आधी विचारावे.

एखाद्या पेटीत देवगडच्या शिक्क्याचा फारसी कागद निघालाच, तर त्याचे वाचन दोन स्वतंत्र जाणकारांकडून करून घ्यावे लागेल, तारीख राजाच्या कारकिर्दीशी जुळवावी लागेल, आणि बंदोबस्ताच्या वेळी त्याची नक्कल दाखल झाली होती का ते मिसलींत पाहावे लागेल. तोवर मुनाजी पंडिताविषयीच्या वाक्यात ‘मानले जाते’ हेच क्रियापद ठेवावे.